एक पौंड धान्य ते २,२५० उष्मांक: पुण्यात मोजली गेलेली भूक

१/
१३ मे १८७९ च्या रात्री पुण्याच्या बुधवार पेठेतील बुधवार वाडा आगीत भस्मसात झाला. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या या वाड्यात तेव्हा सरकारी कचेऱ्या भरत. त्याच रात्री विश्रामबाग वाड्यालाही आग लागली. संशय वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाकडे वळला. त्या बंडामागे १८७६-७७ चा भीषण दुष्काळ होता. आणि त्या दुष्काळाने एक प्रश्न मागे ठेवला होता: माणसाला किती अन्न पुरते, आणि ते ठरवायचे कोणी?

२/
हा प्रश्न पुण्याने पुढील शंभर वर्षे सोडला नाही. देशातील गरिबी आणि पोषण मोजण्यासाठी आज ज्या अन्नसेवन पाहण्यांचा आधार घेतला जातो, त्यांच्या इतिहासातील काही महत्त्वाची पाने याच शहरात लिहिली गेली. हा धागा त्या पानांविषयी.

३/
जानेवारी १८७७. व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागांच्या पाहणीवर पाठवले. खर्च आटोक्यात ठेवणे हा मुख्य हेतू. दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम धान्याची किंमत आणि वर एखादा आणा, एवढी मजुरी पुरेशी ठरवण्यात आली. एवढ्या धान्यातून साधारण १,६०० उष्मांक मिळतात. काम होते खडी फोडण्याचे आणि माती वाहण्याचे.

४/
मुंबई इलाख्यात मजुरांनी या मजुरीवर काम करण्यास नकार दिला आणि कामे सोडली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळी जिल्ह्यांत आपली माणसे पाठवून माहिती गोळा केली आणि ती निवेदनांच्या रूपाने सरकारपुढे ठेवली. सरकारच्या आकड्याला लोकांनी जमवलेल्या आकड्याने उत्तर देण्याचा हा मोठा प्रयत्न होता.

५/
मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी वैद्यकीय आधारावर एक पौंडाला विरोध केला. दीड पौंड धान्य आणि सोबत डाळ, भाजी हवी, असे त्यांचे म्हणणे. तुरुंगातील सश्रम कैद्याला याहून अधिक अन्न मिळते, हा आक्षेपही तेव्हाच घेतला गेला. अखेर मद्रासमध्ये हा शिधा वाढवावा लागला.

६/
कैद्याच्या शिध्याचे हेच माप दादाभाई नवरोजी यांनी १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या निबंधात वापरले होते. जहाजाने परदेशी नेल्या जाणाऱ्या मजुरांचा शिधा आणि तुरुंगातील खर्च यांची तुलना त्यांनी दरडोई उत्पन्नाशी केली. निष्कर्ष असा की, कैद्याला जेवढे मिळते तेवढेही सामान्य रयतेच्या वाट्याला येत नाही. ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी ती रेषा अशी आखली गेली होती.

७/
यात एक उणीव मात्र होती. माणसाला किती हवे, हे सांगणारे पुष्कळ होते. लोक प्रत्यक्षात किती खातात, हे घरोघरी जाऊन कोणी पद्धतशीर विचारले नव्हते. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी १९३६-३७ च्या सुमारास पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातील कुटुंबे काय कमावतात आणि कशी राहतात, हे प्रथमच एवढ्या बारकाईने नोंदले गेले.

८/
१९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिचे शिल्पकार कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस. पण पहिल्या फेरीत पुण्याने तयार केलेल्या प्रश्नावल्याही वापरल्या गेल्या. त्यांवरील अहवाल गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी लिहिला. तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे नाव लक्षात ठेवावे.

९/
अशी पाहणी होते कशी? पाहणीदार घरी येतो आणि गेल्या तीस दिवसांत ज्वारी, तांदूळ, डाळ, तेल, गूळ किती लागले ते विचारतो. प्रत्येक पदार्थाच्या वजनाला त्यातील उष्मांकांनी गुणायचे. बेरीज करून माणसांच्या आणि दिवसांच्या संख्येने भागायचे. उत्तर येते: दरडोई दर दिवशी इतके उष्मांक.

१०/
कृती सोपी दिसते, पण अडचणी स्मरणापासूनच सुरू होतात. ‘गेल्या आठवड्यात’ असे विचारले की उत्तर एक येते, ‘गेल्या महिन्यात’ असे विचारले की दुसरे. १९९९-२००० च्या फेरीत दोन्ही कालावधी एकत्र विचारले गेले आणि गरिबी खरोखर घटली की प्रश्न बदलल्यामुळे घटलेली दिसली, यावर अर्थतज्ज्ञांत वर्षानुवर्षे वाद चालला.

११/
दुसरी अडचण पुण्याच्या पेठांना चांगलीच ओळखीची. वार लावून जेवणारा विद्यार्थी सात दिवस सात घरी जेवतो; त्याचा घास कोणाच्या खात्यावर? वाड्यात कामाला येणारी बाई तिथेच जेवली, तर ते अन्न मालकाच्या घरात मोजले जाते. म्हणजे सधन घर प्रत्यक्षाहून अधिक खाताना दिसते, गरीब घर कमी. घरातही सून शेवटी जेवते, हे कौटुंबिक सरासरीत उमटत नाही.

१२/
जानेवारी १९७१ मध्ये दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९६०-६१ च्या नमुना पाहणीचे आकडे घेऊन त्यांनी विचारले: किती खर्च करणाऱ्या कुटुंबात दरडोई २,२५० उष्मांक पोहोचतात? उत्तर होते, ग्रामीण भागात दरमहा दरडोई साधारण १५ रुपये, शहरात साधारण साडेबावीस. या रेषेखाली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील जवळजवळ ५० टक्के लोक होते.

१३/
त्यांच्या मते शहरातील दारिद्र्य हे खेड्यातून ओसंडून आलेले दारिद्र्य होते, आणि उपाय होता सार्वजनिक कामांतून रोजगार. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. लाखो माणसे पुन्हा खडी फोडू लागली. या वेळी कामावर सुकडी वाटली गेली आणि आयात केलेला लाल मिलो रेशनवर आला. मिलोत उष्मांक होते. पण ज्वारीची भाकरी खाणाऱ्या घरांनी तो नाइलाजाने गिळला. १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. टेंपल यांच्या एक पौंडाला बरोबर शंभर वर्षे झाली होती.

१४/
दांडेकरांच्या आकड्याला सर्वांत गंभीर आव्हान पुण्यातूनच मिळाले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, दांडेकरही साताऱ्याचेच. फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला जाऊन संख्याशास्त्र शिकलेले सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सुमारे दोन दशके संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले.

१५/
सुखात्मे यांचा मुद्दा असा: २,२५० ही सरासरी गरज आहे. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरवला, तर निरोगी माणसेही त्यात येतील. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेत ऊर्जेचा वापर जुळवून घेते. म्हणून रेषा बरीच खाली हवी. शिवाय दूषित पाणी आणि जुलाब यांमुळे खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. तेव्हा स्वच्छ पाण्याकडे आधी पाहावे.

१६/
१९८० च्या आसपास हा वाद जाहीर नियतकालिकांतून रंगला. दांडेकरांचे उत्तर थोडक्यात असे की, दारिद्र्यरेषा ही वैद्यकीय तपासणी नव्हे. सामान्य माणूस ज्या खर्चपातळीवर पोटभर खातो, ती पातळी ती दाखवते. पोषणतज्ज्ञ डॉ. गोपालन यांनाही भीती होती की, ‘शरीर जुळवून घेते’ या विधानाच्या आडून सरकार गरिबांसाठी कमी अन्नाचे समर्थन करील. १८७७ चा अनुभव पाहता ही भीती निराधार नव्हती. पाण्याविषयी सुखात्मे जे म्हणाले, ते मात्र काळाच्या कसोटीवर टिकले.

१७/
सरासरी केवळ भुकेबाबतच फसवते असे नाही, अन्नाच्या सुरक्षिततेबाबतही फसवते. विदर्भातील लाखोळीची डाळ पाहावी. इतर अन्नासोबत थोडी खाल्ली तर सहसा बाधत नाही. पण टंचाईत महिनोन्महिने तीच मुख्य अन्न झाली की पाय लुळे पडू शकतात. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. अशा पदार्थाबाबत गावाची सरासरी निरुपयोगी असते. सर्वांत गरीब घराच्या ताटात तो रोज किती पडतो, हेच विचारावे लागते.

१८/
१९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या गटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक धरले. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने रेषेचा उष्मांकांशी असलेला थेट संबंध तोडला. आणि २०२२-२३ च्या पाहणीत शहरी भारताची दरडोई सरासरी निघाली २,२५० उष्मांक.

१९/
दांडेकर-रथ यांचा आकडा सुमारे पन्नास वर्षांनी देशाच्या शहरी सरासरीच्या रूपाने परत आला. याचा अर्थ निम्मी शहरे आजही उपाशी आहेत असा होत नाही. अंगमेहनत घटली आहे, वये बदलली आहेत, ताटातले पदार्थही. आणि भूक संपली असाही होत नाही. पाहणी ताटात काय पडले ते सांगते. ‘पुरे’ हा शब्द मात्र प्रत्येक वेळी कोणीतरी उच्चारलेला असतो: कधी टेंपल, कधी कॉर्निश, कधी दांडेकर, कधी सुखात्मे. पुढच्या वेळी असा आकडा बातमीत दिसला, तर तो कोणी, कोणासाठी आणि कोणत्या प्रश्नातून काढला, हे आधी विचारावे.