गुडघ्यात कूर्चा नाही, तरी ४३ व्या वर्षी नंबर वन! दुखापत आणि कोर्ट मिळून टेनिसपटूचा फॉर्म कसा ठरवतात?

२७ जानेवारी २०२४. मेलबर्नच्या हार्ड कोर्टवर रोहन बोपण्णा आणि मॅथ्यू एब्डन यांनी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली. बोपण्णाचं वय तेव्हा ४३ होतं. दोनच दिवसांनी तो दुहेरीत जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू झाला. इतक्या मोठ्या वयात पहिल्यांदा नंबर वन झालेला दुसरा कोणी नाही.

त्याच माणसाने २०२१ च्या पहिल्या काही महिन्यांत सलग सामने हरल्यावर टेनिस सोडायचा विचार केला होता. गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेलेली, आणि त्याआधी काही काळ तर तो वेदनाशामक गोळ्या खाऊन कोर्टवर उतरायचा. हे सगळं त्याने स्वतःच नंतर मुलाखतींमध्ये सांगितलं आहे.

मग मधल्या तीन वर्षांत झालं काय? एखादा चॅम्पियन हरायला लागला की सोशल मीडियावर 'संपला आता' सुरू होतं. पण फॉर्म म्हणजे नुसतं मनगटातलं कसब नव्हे. शरीराचा कोणता भाग दुखतोय आणि पायाखाली कोणती जमीन आहे, या दोन गोष्टी त्यात फार मोठ्या असतात. शिवाय त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात.

आधी जमीन समजून घेऊ

टेनिस तीन प्रकारच्या कोर्टवर खेळतात. क्ले म्हणजे मातीचं, ग्रास म्हणजे गवताचं आणि हार्ड म्हणजे डांबर किंवा काँक्रीटच्या पायावर ॲक्रिलिकचे थर दिलेलं.

फ्रेंच ओपनची लाल माती खरं तर भाजलेल्या विटांचा चुरा असतो, तोही जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा थर. त्याखाली चुनखडी असते. टप्पा पडताना चेंडू या चुऱ्यात घासला जातो, त्याचा वेग मरतो आणि तो उंच उसळतो. समोरच्याला पोहोचायला वेळ मिळतो, त्यामुळे रॅली लांबतात. विम्बल्डनला गवत ८ मिलिमीटरवर कापलेलं असतं. तिथे घर्षण कमी, म्हणून चेंडू घसरत, खालून येतो आणि पॉइंट पटकन संपतो. हार्ड कोर्ट साधारण या दोघांच्या मधलं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ कोर्टचा वेग मोजून 'स्लो' ते 'फास्ट' अशा पाच गटांत त्याची वर्गवारी करतो.

कोकणातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. टेनिस बॉल आपल्याकडे क्रिकेटचाच. मिठबावला ओहोटीच्या वेळी पुळणीवर खेळताना तोच चेंडू सुक्या वाळूत बसतो, ओल्या वाळूवर बरा येतो आणि वर सड्यावर जांभ्याच्या कातळावर छातीपर्यंत उसळतो. पुळणीवर खेळलात की पोटऱ्या भरून येतात, कातळावर खेळलात की टाचा आणि गुडघे बोलायला लागतात. टेनिसपटूचं दुखणं याहून फार वेगळं नसतं, फक्त तो वर्षाचे दहा-अकरा महिने खेळतो.

मातीवर खेळाडू घसरत जाऊन थांबतो, त्यामुळे धक्का विभागला जातो. हार्ड कोर्टवर बूट जागीच पकडला जातो आणि तो झटका घोटा, गुडघा आणि कंबर सोसतात. म्हणजे माती अंगाला बरी म्हणायची का? सांध्यांना हो, पण तिथे एका पॉइंटसाठी दुप्पट धावावं लागलं तर पोटऱ्या आणि मांड्या आधी दमतात. गवतावर प्रश्न आणखी वेगळा. चेंडू खाली राहतो, म्हणून सतत गुडघे वाकवून खेळावं लागतं, आणि पहिल्या काही दिवसांत ताजं गवत निसरडं असतं.

नदाल: मातीवरचा राजा आणि त्याचा डावा पाय

राफेल नदालने २२ ग्रँड स्लॅम जिंकली, त्यातली १४ एकट्या फ्रेंच ओपनची. तिथे त्याने ११२ सामने जिंकले आणि फक्त ४ हरला. २००५ ते २००७ दरम्यान तो मातीवर सलग ८१ सामने अजिंक्य होता.

मे २००७ मध्ये तर एक गंमतच झाली. मायोर्कात अर्धं कोर्ट गवताचं आणि अर्धं मातीचं तयार करून नदाल आणि फेडरर यांचा प्रदर्शनीय सामना ठेवला गेला. दोघंही बाजू बदलताना बूट बदलत होते! नदाल ७-५, ४-६, ७-६ असा जिंकला. त्या वेळी गवतावर फेडररला आणि मातीवर नदालला कोणी हरवतच नव्हतं, म्हणून हा खटाटोप.

पण याच नदालच्या डाव्या पायातल्या एका हाडाला २००५ पासून म्युलर-वाइस सिंड्रोम नावाचा दुर्मीळ आजार होता. त्यात भर गुडघ्यांची. २००९ मध्ये गुडघ्यांमुळे तो विम्बल्डनचं विजेतेपद राखायला उतरूच शकला नाही. २०१२ मध्ये विम्बल्डनला दुसऱ्याच फेरीत हरल्यावर सात महिने बाहेर राहिला. परतला तो मातीच्या स्पर्धांमधून, आणि २०१३ मध्ये फ्रेंच ओपनसोबत हार्ड कोर्टवरची यूएस ओपनही घेऊन गेला. २०२२ ची फ्रेंच ओपन त्याने पाय इंजेक्शनने बधिर करून जिंकली. त्यानंतर महिन्याभरात विम्बल्डनला पोटाचा स्नायू फाटला आणि उपांत्य सामन्याआधीच माघार घ्यावी लागली.

आता हे सगळं फॉर्म या एका शब्दात कसं बसवायचं?

सानियाचं मनगट

मुंबईत जन्मलेली आणि हैदराबादेत वाढलेली सानिया मिर्झा २००७ मध्ये एकेरीत जगात २७ वी होती. तिचं मुख्य शस्त्र म्हणजे फोरहँड, आणि त्याचा सगळा जोर मनगटाच्या झटक्यात. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये याच मनगटामुळे तिला सामना अर्धवट सोडावा लागला आणि पुढे शस्त्रक्रिया झाली. नंतर गुडघाही आला. २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली.

बऱ्याच जणांना तेव्हा ती माघार वाटली. प्रत्यक्षात दुहेरीत अर्धंच कोर्ट सांभाळायचं असतं आणि पॉइंट छोटे असतात. दुखरं शरीर तिथे वर्षानुवर्षं टिकू शकतं. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. त्याच वर्षी मार्टिना हिंगिससोबत तिने गवतावरचं विम्बल्डन आणि हार्ड कोर्टवरची यूएस ओपन जिंकली. २०१२ मध्ये महेश भूपतीबरोबर मातीवरची फ्रेंच ओपन मिश्र दुहेरी आधीच खिशात होती.

पुन्हा बोपण्णाकडे, व्हाया पुणे

बोपण्णा कुर्गचा, पण किशोरवयात तो पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे टेनिस शिकला. पुढे बालेवाडीच्या हार्ड कोर्टवर त्याने महाराष्ट्र ओपनची दुहेरी दोनदा जिंकली, २०१९ मध्ये दिविज शरणसोबत आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनसोबत.

गुडघ्याच्या बाबतीतही धागा पुण्याशीच जुळतो. झिजलेली कूर्चा सहसा परत भरत नाही, कारण तिला रक्तपुरवठाच नसतो. मग उपाय उरतो तो सांध्याभोवतीचे स्नायू बळकट करण्याचा, म्हणजे हाडांवरचा भार ते उचलतील. कोरोनाच्या काळात बोपण्णाने अय्यंगार योग सुरू केला. ही पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात राहून घडवली. पट्टे, ठोकळे, खुर्च्या यांचा आधार घेऊन एकेक आसन बराच वेळ धरून ठेवायचं. यामुळे गुडघ्याचं दुखणं थांबलं, असं बोपण्णा सांगतो. अर्थात गुडघा नवा झाला असं नाही, त्यामुळे 'योगाने कूर्चा परत आली' असे फॉरवर्ड आले तर पुढे ढकलू नका.

२०२३ मध्ये ४३ व्या वर्षी तो इंडियन वेल्स जिंकला, यूएस ओपनच्या अंतिम फेरीत गेला आणि सप्टेंबरअखेरीस हांगझोच्या आशियाई स्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेसोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. या तिन्ही स्पर्धा हार्ड कोर्टवरच्या, म्हणजे गुडघ्यांना सगळ्यात जड जाणाऱ्या. पण चेंडूचा टप्पा तिथे सगळ्यात भरवशाचा असतो, आणि मोठी सर्व्हिस हाच ज्याचा पाया त्याला तो मानवतो.

क्रमवारी लगेच का घसरते?

कारण ती मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर चालते. गेल्या वर्षी जिंकलेली स्पर्धा यंदा दुखापतीने हुकली की ते गुण गळतात. सहा महिने किंवा जास्त बाहेर राहिलेल्या पुरुष खेळाडूला एटीपीकडून 'प्रोटेक्टेड रँकिंग' मागता येतं. त्यावर स्पर्धेत प्रवेश मिळतो, मानांकन नाही. त्यामुळे माजी विजेता पहिल्याच फेरीत एखाद्या बलाढ्य खेळाडूसमोर येऊ शकतो. २०२४ च्या फ्रेंच ओपनमध्ये नदालची गाठ पहिल्याच फेरीत झ्वेरेवशी पडली आणि तो हरला, ते असंच.

परतण्याची वेळही कोर्टवर अवलंबून असते. फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन यांच्यात पूर्वी दोनच आठवडे होते, २०१५ पासून तीन झाले. मातीवरून गवतावर जाताना पावलं टाकण्याची पद्धतच बदलावी लागते. २०२४ मध्ये पॅरिसला जोकोविचच्या उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस फाटला आणि जूनच्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झाली. तरी १४ जुलैला तो विम्बल्डनची फायनल खेळला आणि अल्काराझकडून सरळ हरला. तीन आठवड्यांनी पॅरिसच्याच मातीवर त्याच अल्काराझला हरवून त्याने ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं.

जमीन इतकी महत्त्वाची असते, म्हणूनच डेव्हिस कपमध्ये यजमान देश कोर्ट निवडतो. मार्च २०२२ मध्ये डेन्मार्क भारतात आला तेव्हा भारताने दिल्ली जिमखान्याचं गवत निवडलं. पाहुण्यांना त्याची सवय नव्हती. भारत ४-० जिंकला.