मातीतले औषध आणि पिंपरीचा धडा

राजेरजवाड्यांचा इतिहास कागदांत सापडतो. कागदांची थोरवी धुळ्याच्या श्रोत्यांना सांगण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे त्यांनी खाली उतरवली, १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या नावाने २२ खंडांची माला उभी केली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी ह्याच गावी देह ठेवला. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे स्थापन झाले, म्हणून त्यांनी जमवलेले कागद टिकले. शोधक जातो, त्याच्यामागे संस्था उभी राहिली तरच शोध राहतो. हेच सूत्र आम्ही आज एका निराळ्या क्षेत्रास लावून पाहणार आहो. ते क्षेत्र म्हणजे जंतुनाशक औषधांचे. आणि त्याची दप्तरे कागदाची नसून मातीची आहेत.

शंभर वर्षांमागची स्थिती प्रथम डोळ्यांपुढे आणावी. प्लेग आला की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. पटकीने घरे ओस पडत. क्षय झाला की वैद्य आणि डॉक्टर दोघेही मोकळी हवा, दूध आणि विश्रांती सांगत. कारण दुसरे सांगण्यासारखे काही नसे. पायात काटा मोडून जखम चिघळली तर धडधाकट शेतकरी आठ दिवसांत जाई, आणि बाळंतपणानंतरच्या तापाने घरची लक्ष्मी जाई. लस टोचून काही रोग आधी टाळता येत. पण जंतू एकदा रक्तात शिरला म्हणजे त्याला तेथे गाठून मारील असे औषध जवळजवळ नव्हते.

१९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांना जंतूंच्या बशीत उडून पडलेली एक बुरशी दिसली. तिच्याभोवतीचे जंतू विरून गेले होते. त्या बुरशीच्या रसाला त्यांनी पेनिसिलिन असे नाव दिले. परंतु तो रस औषध व्हावयास बारा वर्षे लागली. ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ते शुद्ध करण्याची रीत बसवली. १९४१ च्या फेब्रुवारीत एका पोलीस शिपायाला ते प्रथम टोचले. त्याचा ताप उतरू लागला. पण औषध इतके थोडे होते की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचावे लागले. अखेर तेही सरले आणि शिपाई दगावला. औषध सापडणे आणि औषध पुरेसे असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या मृत्यूने दाखवून दिले.

भरपूर पेनिसिलिन देणारी बुरशी हवी म्हणून अमेरिकेत नाना ठिकाणच्या माती तपासल्या गेल्या. शेवटी १९४३ साली पिओरिया गावच्या बाजारातील एका कुजक्या खरबुजावर ती सापडली. तापीच्या वाळूत वाढलेली खरबुजे खाणाऱ्या आपल्या लोकांना ह्यात गंमत वाटेल. पण पुढे जगभर पुरवले गेलेले बहुतेक पेनिसिलिन त्या खरबुजावरच्या बुरशीच्या वंशातले आहे.

तिकडे न्यू जर्सीतील रटगर्स येथे सेल्मन वॅक्समन हे मातीचे शास्त्रज्ञ बसले होते. त्यांचा विचार साधा होता. मातीत कोट्यवधी जंतू दाटीवाटीने राहतात. अन्न थोडे, खाणारे फार. तेव्हा ते एकमेकांवर विषप्रयोग करीत असलेच पाहिजेत. ते विष आपण का घेऊ नये? १९४३ साली त्यांचे विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ ह्यांनी खत घातलेल्या शेताच्या मातीतून एक तंतुमय जंतू वेगळा केला आणि त्यापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. क्षयाच्या जंतूला मारणारे हे पहिले औषध. ह्या जंतूंच्या कुळाशी आपल्या सर्वांची ओळख आहे, फक्त नाव ठाऊक नसते. खानदेशच्या उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानावर मृगाचे पहिले थेंब पडले की जो वास सुटतो, तो मुख्यतः ह्याच कुळाचा!

मग जगभर मातीचा शोध सुरू झाला. व्हेनेझुएलाच्या मातीतून विषमज्वरावरचे क्लोरॅम्फेनिकॉल १९४७ साली आले. पुढच्या वर्षी आपल्या आंध्रातील येल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या अमेरिकी प्रयोगशाळेच्या संशोधनाचे प्रमुख होते, तेथून ऑरिओमायसिन आले. फिलिपाइन्सच्या मातीतून एरिथ्रोमायसिन, बोर्निओच्या जंगलातून व्हँकोमायसिन, फ्रान्सच्या समुद्रकाठच्या मातीतून रिफॅम्पिसिनचा मूळ पदार्थ, आणि सार्डिनिया बेटावर गटार जेथे समुद्रास मिळते तेथील एका बुरशीतून सेफॅलोस्पोरिन. आज औषधाच्या दुकानात ज्या गोळ्या आणि सुया मिळतात, त्यांतल्या पुष्कळांचे मूळ १९४० ते १९६० ह्या वीस वर्षांतल्या मातीच्या पुड्यांत आहे.

ह्या शोधात महाराष्ट्राचा वाटा कोणता? स्वतंत्र भारताला पेनिसिलिन परदेशातून विकत घ्यावे लागे. ते देशातच करावे म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने केंद्र सरकारने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापली. १९५५ साली पेनिसिलिन निघू लागले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तेथे होऊ लागले. पिंपरी हे तेव्हा खेडेच होते. त्या माळावर बुरशी वाढवण्याच्या प्रचंड टाक्या उभ्या राहिल्या, आणि नव्या राष्ट्राला वाटले की औषधाच्या बाबतीत आपण पायावर उभे राहिलो.

परंतु पिंपरीची खरी थोरवी त्या टाक्यांत नव्हती, असे आम्हांस वाटते. टाक्या विकत मिळतात. पिंपरीस मा. जी. तिरुमलाचार ह्या बुरशीशास्त्रज्ञाच्या हाताखाली एक संशोधन विभाग होता, आणि तो परक्यांची कृती गिरवण्यात समाधान मानणारा नव्हता. त्याने देशातली माती तपासावयास घेतली. खुद्द पिंपरीच्या मातीत त्यांना त्याच तंतुमय कुळातला एक नवा जंतू मिळाला. त्याला त्यांनी गावाचेच नाव दिले, स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना! त्यापासून १९६१ च्या सुमारास जे औषध निघाले ते हॅमायसिन. ह्या नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरे कारखान्याच्या नावातली आहेत. पुढे ऑरिओफंगिन आले. ते पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांसाठी शेतकऱ्याच्या हाती गेले. ही दोन्ही औषधे बुरशीवरची आहेत, जंतूंवरची नव्हेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण जगाच्या औषधीशास्त्रात महाराष्ट्रातल्या एका खेड्याच्या मातीचे नाव लागले, आणि आपल्या मातीतून आपल्या माणसांना नवे औषध काढता येते हे सिद्ध झाले.

आता इतिहासाची दुसरी बाजू. पेनिसिलिन बाजारात येण्यापूर्वीच, १९४० साली, ते फोडून टाकणारा पदार्थ काही जंतू तयार करतात असे अब्राहम आणि चेन ह्यांना आढळले होते. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग ह्यांनी बजावले की, औषध अपुऱ्या मात्रेत घेणारा माणूस जंतू मारीत नाही, त्यांना शिकवून तयार करतो. १९४८ साली इंग्लंडमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या पद्धतशीर परीक्षेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रथम रोगी झपाट्याने सुधारले. काही महिन्यांत पुष्कळांच्या जंतूंनी औषधाला दाद देणे सोडले. तेव्हापासून क्षयावर एकाच वेळी दोन-तीन औषधे देण्याची पद्धत पडली. एका औषधातून निसटणारा जंतू दुसऱ्याच्या हाती सापडावा, हा त्यातला हेतू.

जंतूंना ही विद्या आली कोठून? २०११ साली कॅनडातील तीस हजार वर्षे गोठून राहिलेली माती तपासली गेली. तिच्यातही अनेक प्रतिजैविकांना निष्फळ करणारे आनुवंशिक गुण सापडले. तीस हजार वर्षांपूर्वी कोणता डॉक्टर सुई देत होता? विष आणि उतारा ही मातीत जुळी भावंडे म्हणूनच जन्मली आहेत. जो जंतू विष करतो त्याला त्यापासून स्वतःला वाचवावे लागते, आणि शेजाऱ्यालाही वाचण्याची युक्ती काढावी लागते. आपण विष तेवढे उचलून आणले. उतारा मागोमाग आला. ह्यावरून एक निष्कर्ष अटळ ठरतो. जंतूंवरचे कोणतेही औषध शेवटचे असणार नाही. एका औषधाचे बळ ओसरण्यापूर्वी दुसरे तयार ठेवावे लागेल. म्हणून शोध ही एकदा करून संपणारी गोष्ट नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या चालवण्याची ती वहिवाट आहे.

आणि नेमकी तीच वहिवाट मोडली. १९६० नंतर माती तपासली तर पुन्हा पुन्हा तेच जुने पदार्थ हाती येऊ लागले. शिवाय व्यापाराचा हिशेब आड आला. रक्तदाबाची गोळी रोगी जन्मभर घेतो. जंतूंवरची आठ दिवस. नवे प्रभावी औषध निघाले तर ते जपून वापरा असे डॉक्टर सांगणार, म्हणजे खप आणखी कमी. एकामागून एक मोठ्या कंपन्यांनी हे संशोधन सोडले. पिंपरीचेही तेच झाले. स्वस्त परदेशी मालापुढे कारखाना टिकेना, १९९० नंतरच्या दशकात तो आजारी उद्योगांत गणला गेला, आणि कधी काळी साऱ्या देशाला आधार असणारा तो कारखाना आपल्या जमिनीच्या किंमतीसाठी अधिक चर्चेत राहिला. पेनिसिलिनचा मूळ पदार्थ देशाने दीर्घकाळ बाहेरून आणला. २०२४ साली आंध्रातील काकीनाड्याकडे तो पुन्हा मोठ्या प्रमाणावर होऊ लागला, तेव्हा ती नवलाची बातमी ठरली!

जंतू मात्र स्वस्थ बसले नव्हते. २०१२ च्या आरंभी मुंबईतल्या डॉक्टरांनी चार क्षयरोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या जंतूंनी तपासलेल्या एकाही औषधाला दाद दिली नव्हती, आणि त्यांपैकी काहींना पूर्वी ठिकठिकाणी अपुरी, चुकीची औषधे मिळत गेली होती. २०१९ ह्या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधरोधी जंतूंमुळे मेली असे अनुमान आहे. शिपायाला औषध पुरले नाही म्हणून तो गेला; ह्यांना औषध भरपूर होते, पण ते निकामी झाले होते.

येथे श्रोते विचारतील, आमच्या कडुनिंबाचे, हळदीचे, मधाचे काय? सातपुड्यातल्या वैदूंच्या मुळ्यांचे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हिवतापावरचे क्विनीन सालीतून आले, आणि आर्टेमिसिनिन चीनमधल्या एका झुडपातून. त्याबद्दल २०१५ साली तू यूयू ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जखमेवर मध आजही शास्त्रशुद्ध रीतीने वापरतात. परंतु बशीत जंतू मारणे निराळे आणि रोग्याला अपाय न करता त्याच्या रक्तात जंतू मारणे निराळे. रक्तातल्या जंतूंवर पेनिसिलिनसारखे काम करील असे औषध वनस्पतीतून अद्याप निघालेले नाही. म्हणून वैदूचे ज्ञान टिपून ठेवावे, त्याची कसोशीने परीक्षा करावी. पण फुप्फुसदाहाने तापलेल्या मुलाला काढ्यावर ठेवू नये.

सुदैवाने शोध पुन्हा मातीकडे वळला आहे. मातीतले शंभरांपैकी नव्याण्णव जंतू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत, असे मानतात. २०१५ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्यांना मातीतच पुरलेल्या बारीक कप्प्यांत वाढवले आणि टिक्सोबॅक्टिन हा नवा पदार्थ मिळवला. म्हणजे जुन्या दप्तरांचे जे रुमाल कधी सुटलेच नव्हते, ते आता कोठे सुटू लागले आहेत. आपल्याकडेही २०२४ च्या नोव्हेंबरात फुप्फुसदाहावरचे नॅफिथ्रोमायसिन जाहीर झाले. हे औषध भारतातल्या संशोधनातून निघाले; आणि त्याचा वंश पाहिला तर तो फिलिपाइन्सच्या मातीतल्या त्याच एरिथ्रोमायसिनला जाऊन पोचतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगोपयोगी जंतूंचा संग्रह आज अनेक दशके जतन करून ठेवला आहे. आमच्या दृष्टीने ते जंतूंचे राजवाडे मंडळच होय.

तर मग आपण नागरिकांनी काय करावे? संशोधन सर्वांना करता येणार नाही, पण औषध राखणे सर्वांच्या हातचे आहे. २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या आणि क्षयाच्या औषधांच्या विक्रीची दुकानदाराने स्वतंत्र नोंद ठेवावी असा नियम आहे. २०१९ साली कोंबड्या व इतर खाद्य जनावरांसाठी कोलिस्टिन हे अखेरचे राखीव औषध वापरण्यास सरकारने बंदी केली. असे नियम कागदावर राहतात ते आपल्या घाईमुळे. पडशाला प्रतिजैविक मागणारा, दोन दिवसांत बरे वाटले म्हणून क्षयाच्या गोळ्या सोडणारा, आणि चिठ्ठीवाचून औषध काढून देणारा, हे तिघेही शेजाऱ्याच्या मुलाचे औषध खर्च करीत असतात.

दुसरे कर्तव्य ह्याहून मोठे आहे. पिंपरीच्या कारखान्याचा तोटा-नफा हिशेबनिसांनी मांडला. तेथल्या संशोधन विभागाची किंमत कोणत्याच ताळेबंदात चढली नाही. नवे औषध निघाले की आपण अभिनंदनाच्या सभा भरवतो. ते शोधणारी प्रयोगशाळा बंद पडते तेव्हा कोणी विचारीत नाही. राजवाड्यांच्या मागे धुळ्याने मंडळ उभे केले, तेव्हा त्यातून नफा किती होईल असे येथल्या लोकांनी विचारले नव्हते. तीच बुद्धी महाराष्ट्राने मातीच्या ह्या दप्तरांविषयी दाखवली पाहिजे. जंतू थांबणारे नाहीत. आपणांसही थांबून चालणार नाही.