क्राकूवच्या रेक्टरांचे निमंत्रण : ६ नोव्हेंबर १९३९

विद्यापीठांच्या इतिहासाची साधने म्हणून आपण सनदा, अधिनियम, अंदाजपत्रके आणि दीक्षान्त भाषणे पाहतो. संकटकाळी विद्यापीठाचा प्रमुख आपल्या अध्यापकांस जे चार ओळींत कळवितो, त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. असा कागद कामापुरता लिहिलेला असतो व काम संपताच रद्दीत जातो. तथापि अशा एका साध्या निमंत्रणावर जवळजवळ दोनशे विद्वानांचे भवितव्य अवलंबून राहिल्याचे एक उदाहरण पोलंडच्या इतिहासात आहे. पोलंडमधील युद्धकालीन निर्वासितांशी कोल्हापूरचा जो संबंध आला, तो वळिवड्याच्या छावणीमुळे (१९४३-४८) आपल्याकडील अभ्यासकांस ठाऊक आहे. त्या देशातील विद्यापीठांवर त्याच युद्धात काय ओढवले, हे त्या मानाने अपरिचित राहिले आहे.

क्राकूवचे यागिएलोनियन विद्यापीठ इ. स. १३६४ मध्ये स्थापन झाले. कोपर्निकसचे शिक्षण येथेच झाले होते. १९३९ मध्ये त्याच्या रेक्टरपदी तादेऊष लेर-स्प्लाविन्स्की हे स्लाव भाषांचे पंडित होते. (आपल्याकडे वसतिगृहाच्या प्रमुखास रेक्टर म्हणतात, तो अर्थ येथे घेऊ नये. तेथील रेक्टर म्हणजे आपला कुलगुरू. भेद इतकाच की, त्याची निवड त्याचे सहकारीच करतात.) १ सप्टेंबर रोजी जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले आणि ६ सप्टेंबर रोजी क्राकूव त्याच्या हाती गेले. शहरात परकी सत्ता, अध्यापकांपैकी कित्येक युद्धात पांगलेले, उद्याचे काही निश्चित नाही, अशा स्थितीतही विद्यापीठाने नवे वर्ष सुरू करण्याचा निर्णय घेतला. ४ नोव्हेंबर रोजी संत अ‍ॅनच्या चर्चमध्ये वर्षारंभाची प्रार्थना झाली; व्याख्यानांस महिन्याच्या मध्यास आरंभ व्हावयाचा होता.

हा निर्णय आज आपणांस भाबडेपणाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु तो घेणाऱ्यांपुढे कोणते पूर्वानुभव होते, हे पाहिल्याखेरीज त्याविषयी मत देणे रास्त होणार नाही. ऑस्ट्रियाच्या अमलाखालीही, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, या विद्यापीठास पोलिश भाषेतून शिकविण्याची मोकळीक होती. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी वॉर्सा घेतले, तेव्हा १९१५ मध्ये तेथे पोलिश विद्यापीठ उघडण्यास त्यांनीच संमती दिली. १९१३ ते १९१६ या काळात क्राकूवचे रेक्टर असलेले शारीरशास्त्रज्ञ काझिमिएष कोस्तानेत्स्की १९३९ मध्येही शहरात होते. म्हणजे एका महायुद्धातून विद्यापीठ सुखरूप पार नेलेला मनुष्य त्यांच्यातच वावरत होता. परकी राज्यकर्ता विद्यापीठास जाच करील, त्याच्यावर निर्बंध घालील, पण ते मोडणार नाही, असे अनुमान या अनुभवावरून निघत होते. अनुमानाच्या रीतीत दोष नव्हता; राज्यकर्ता मात्र निराळ्या जातीचा होता. पश्चिम पोलंडात सुशिक्षितांची धरपकड व हत्या सुरू झालेल्या होत्या, पण त्यांचा एकत्रित अर्थ लावण्याइतकी माहिती कोणाजवळ नव्हती. प्रागमधील चेक विद्यापीठे जर्मनांनी बंद केली ती १७ नोव्हेंबर रोजी, म्हणजे आपल्या प्रसंगानंतर अकरा दिवसांनी. लेर-स्प्लाविन्स्की यांना दोष देणारे हा क्रम पुष्कळदा विसरतात.

नोव्हेंबरच्या आरंभी ब्रूनो म्युलर हा एस.एस.चा अधिकारी रेक्टरांना भेटला. राष्ट्रीय समाजवादी जर्मनीची विज्ञान व उच्च शिक्षण यांविषयीची भूमिका आपण अध्यापकांस समजावून सांगू इच्छितो, त्यांना एकत्र बोलवावे, असे त्याने सुचविले. त्याप्रमाणे ६ नोव्हेंबरच्या दुपारी कोलेजियम नोवुम या मुख्य इमारतीत जमावे, असे निमंत्रण रेक्टरांच्या नावाने गेले.

येथे किंचित थांबणे अवश्य आहे. काहींना शंका आली होती, तरीही बहुसंख्य अध्यापक आले. ते म्युलरच्या शब्दावर विसंबून आले असे मानण्याचे कारण नाही. ते आले रेक्टरांच्या शब्दावर. ज्यास आपणच निवडले, त्याने बोलाविले असता न जाणे हा सहकाऱ्यांशी द्रोह झाला असता. शिवाय आपल्या गैरहजेरीचे प्रायश्चित्त संस्थेस भोगावे लागेल, ही भीतीही असणारच. म्युलरने नेमके हेच हेरले. दोनशे माणसे घरोघरून पकडण्यास त्याला कित्येक रात्री व पुष्कळ शिपाई लागले असते, आणि पहिल्याच रात्रीनंतर उरलेले सावध झाले असते. विद्यापीठाची परस्पर विश्वासावर चालणारी नित्याची पद्धती त्याने उसनी घेतली, आणि त्याचे काम एका दुपारी उरकले.

म्युलरचे भाषण काही मिनिटांत आटोपले. जर्मन अधिकाऱ्यांच्या अनुमतीवाचून वर्ष सुरू करणे हे शत्रुत्वाचे कृत्य होय, हे विद्यापीठ नेहमीच जर्मनविरोधाचे केंद्र राहिले आहे, सबब उपस्थितांस अटक करून छावणीत पाठविण्यात येईल, असा त्याचा आशय होता. स्त्रियांना सोडून देण्यात आले. एकूण १८३ जण पकडले गेले (काही याद्यांत ही संख्या एकाने अधिक आहे); त्यांत खाणविद्या अकादमीचे वीसहून अधिक अध्यापक होते, आणि स्वतः रेक्टरही होते. दुसऱ्याच दिवशी गव्हर्नर-जनरल हान्स फ्रांक याने वावेलच्या राजवाड्यात आपले ठाणे मांडले.

बंदिवानांना प्रथम क्राकूवच्या तुरुंगात, मग ब्रेसलाउ येथे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस बर्लिननजीकच्या साक्सेनहाउझेन छावणीत नेण्यात आले. तो हिवाळा अत्यंत कडक होता, आणि हजेरीसाठी तासन् तास उघड्यावर उभे राहणे सर्वांस सक्तीचे होते. विधिइतिहासकार स्तानिस्लाव एस्त्रायखेर डिसेंबरच्या अखेरीस वारले. जानेवारीत साहित्येतिहासकार इग्नात्सी ख्षानोव्स्की, प्राणिशास्त्रज्ञ मिखाउ शेद्लेत्स्की आणि वर उल्लेखिलेले कोस्तानेत्स्की गेले. छावणीत किंवा सुटकेनंतर लवकरच मरण पावलेल्यांची संख्या डझनाहून अधिक भरते. ज्यू वंशाच्या अध्यापकांस सोडण्यात आले नाही. भूगोलज्ञ विक्तोर ऑर्मित्स्की यांचा १९४१ मध्ये माउटहाउझेन येथे वध झाला. दरम्यान तटस्थ देशांतून, व्हॅटिकनकडून, इतकेच काय, जर्मनीच्या मित्र इटलीतूनही निषेध झाल्यामुळे ८ फेब्रुवारी १९४० रोजी चाळीस वर्षांवरील सुमारे शंभर जणांची सुटका झाली. रेक्टर त्यांत होते. तरुण अध्यापकांपैकी बरेच जण पुढे दाखाऊ येथे पाठविले गेले.

रेक्टरांच्या वर्तनाविषयी प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे : वर्ष सुरू करण्याचा निर्णय समर्थनीय होता, परंतु परक्याचा निरोप स्वतःच्या नावाने पुढे पाठविणे ही चूक होती. निरोप म्युलरचा आहे, त्याची खात्री मी देऊ शकत नाही, येणे न येणे प्रत्येकाने ठरवावे, एवढी भर घातली असती, तर कदाचित काही जण वाचले असते. मात्र असे लिहिणे शक्य होते काय, हा प्रश्न उरतोच. तो कागद म्युलरच्या हाती पडला असता, तर त्याचे परिणाम निराळे असले तरी सौम्य खास झाले नसते.

छावणीतून परतलेल्यांनी व मागे राहिलेल्यांनी पुढे काय केले, हे या संदर्भात लक्षणीय आहे. १९४२ पासून क्राकूवमध्ये गुप्तपणे विद्यापीठाचे अध्यापन चालू झाले. त्याची जुळवाजुळव करणारे मिएचिस्लाव मावेत्स्की हे स्वतः साक्सेनहाउझेन व दाखाऊ भोगून आलेले होते. सुमारे आठशे विद्यार्थी या रीतीने शिकले. पुढे पोप झालेला कारोल वोइतिवा त्यांपैकी एक. सूचनाफलक नाही, परिपत्रक नाही, सभा नाही. चारसहा जणांचे गट खाजगी घरांत जमत आणि पुढील भेटीचे स्थळ तोंडीच कळविले जाई. विद्यापीठ आपल्या माणसांस काय व कसे कळविते, याची सारी रीत तीन वर्षांत उलटी झाली होती.

जानेवारी १९४५ मध्ये क्राकूव जर्मनांच्या ताब्यातून सुटले आणि लेर-स्प्लाविन्स्की यांनी रेक्टरपदाची सूत्रे पुन्हा हाती घेतली. १९४६ पर्यंत ते त्या पदावर होते. सहकाऱ्यांस एकत्र बोलावण्याचे काम पुन्हा त्यांच्याकडेच आले. कोलेजियम नोवुममधील त्या दालनात आता स्मृतिफलक आहे, आणि दरवर्षी ६ नोव्हेंबर रोजी विद्यापीठाचे अध्यापक त्या दिवसाचे स्मरण करतात.