वनवाटेवरील शब्द

मराठी निसर्गलेखनाचा मागोवा केवळ ग्रंथांतून घेऊन भागत नाही. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) हे मूळचे सोलापूरचे. वनखात्याच्या सेवेत ते नवेगावबांधला आले आणि कोहळ्यांनी बांधलेल्या तेथील विस्तीर्ण तळ्याच्या काठी त्यांची दुसरी शाळा भरली. या अरण्याचे राष्ट्रीय उद्यान झाले ते १९७५ साली. माधवराव पाटील हे तेथील वाटाडे; गोंड, ढीवर, पारधी हे सोबती. चालता चालता पक्ष्याचे नाव विचारावे, तर नावासरशी त्याचे झाड, त्याचा ऋतू, त्याची साद हेही हाती येई.

परंतु भाषाभ्यासकाला येथे थबकावे लागते. चितमपल्लींनी रूढ केलेले शब्द पाहा : बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. शब्द निःसंशय सुरेख आहेत. मात्र त्यांची घडण संस्कृताची आहे, वाट दाखविणाऱ्याच्या बोलीची नव्हे. ज्ञान बोलीतून आले आणि नामकरण ग्रंथभाषेत झाले, हा व्यवहार मराठीला नवा नाही. त्यांच्या ‘पक्षिकोशा’त मात्र प्रमाण नावाशेजारी प्रादेशिक नावेही नोंदलेली आढळतात, वनवाटेवरील बोलीचा शोध तेथून आरंभिता येतो.