वाटेगांवचा शाहीर आणि सरकारची नजर

सांगली हें मराठी रंगभूमीचें माहेर. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं तेथील संस्थानच्या आश्रयानें ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. त्याच सांगलींत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० सालीं सरकारनें बंदी घातली. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्यानें प्रयोग थांबविण्याचाच नव्हे, तर होऊं घातलेल्या प्रयोगाची आगाऊ माहिती मागविण्याचाहि अधिकार सरकारास मिळाला होता. नाटकावरील ही नजर लिखित संहितेवर खिळलेली होती. परंतु कृष्णेच्या खोऱ्यांतील गरिबांवर सरकारची आणखी एक नजर होती, व ती थेट माणसावरच होती.

वाळवें तालुक्यांतील वाटेगांव तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें. आज तें सांगली जिल्ह्यांत आहे. १ ऑगस्ट १९२० रोजीं तेथील मांगवाड्यांत तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णा भाऊ साठे, यांचा जन्म झाला. त्या काळीं मांग समाजांतील कित्येकांवर गुन्हेगार जमातींच्या कायद्याचें जूं होतें. कांहीं गुन्हा केलेला नसला तरी हजेरी द्यावयाची, आणि गांव सोडावयाचें तर परवानगी मागावयाची, असा तो दंडक. जन्म हाच पुरावा मानणारा हा कायदा १९५२ सालीं देशभर रद्द झाला. हजेरीचा तो जाच अण्णा भाऊंनीं पुढें ‘फकिरा’ कादंबरींत चितारला.

लहानपणींच वडिलांबरोबर पायीं मुंबईस आलेला हा मुलगा शाळेंत फारसा शिकला नाहीं. गिरणीकामगारांच्या वस्तींत त्याला साम्यवादी चळवळीची ओळख झाली, आणि घराण्यांत आलेली तमाशाची कला तिच्या कामीं लागली. १९४४ सालीं अण्णा भाऊ, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनीं ‘लाल बावटा कलापथक’ उभारलें. अण्णा भाऊंच्या गणांत गणपतीऐवजीं मायभूमीला आणि थोर पुरुषांना वंदन येई. गौळणीला त्यांनीं फांटा दिला. वगांतील राजा-प्रधान जाऊन त्यांच्या जागीं सावकार, शेठजी, शेतकरी व मजूर उभे राहिले.

देश १९४७ सालीं स्वतंत्र झाला, पण पाळत थांबली नाहीं. पुढच्याच वर्षीं सरकार आणि साम्यवादी पक्ष यांचा संघर्ष विकोपास गेला व कार्यकर्त्यांची धरपकड सुरू झाली. मुंबई प्रांताचें गृहखातें मोरारजी देसाई यांच्याकडे असतां कलापथकाच्या तमाशांवर बंदी आली. तमाशावर एरवीं अश्लीलतेचा आरोप होत असे. परंतु ज्या वगांतून गौळणच काढून टाकली होती त्यांत आक्षेपार्ह उरलें होतें तें राजकारण.

येथें सरकारची मोठी अडचण झाली. लिखित नाटकाची प्रत मागवितां येते आणि तिच्यांतील आक्षेपार्ह ओळीवर बोट ठेवतां येतें. तमाशांतील बतावणी मात्र प्रसंग पाहून जागच्या जागीं रचली जाते. सोंगाड्या काय बोलेल हें कित्येकदां त्यालाच आधीं ठाऊक नसतें, मग तें शिपायाला कोठून कळणार? शाहिरांनीं आणखी एक वाट काढली. तमाशाला बंदी, तर त्याच घाटाच्या खेळाला त्यांनीं ‘लोकनाट्य’ म्हटलें. सरकारची अडवणूक चुकविण्यासाठीं पुढें केलेलें हें नांव मराठींत रुळलें, आणि ज्या पांढरपेशा प्रेक्षकानें तमाशाकडे पाठ फिरविली होती तोहि या नांवामागोमाग आला.

ही हुशारी खरी; पण तिची किंमतहि मोठी होती. बंदी आली कीं कलावंताची भाकर जाते. ढोलकीवाला, तुणतुणेवाला आणि झीलकरी यांचीं पोटें रोजच्या खेळावर असतात. अण्णा भाऊ लिहीत राहिले, तरी त्यांचें दारिद्र्य अखेरपर्यंत सुटलें नाहीं. १९५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’ला १९६१ सालीं महाराष्ट्र सरकारनें पुरस्कार दिला. १८ जुलै १९६९ रोजीं त्यांचें निधन झालें. २००२ सालीं भारत सरकारनें त्यांच्या नांवाचें टपाल तिकीट काढलें. आणि खाडिलकरांच्या काळचा तो १८७६ चा कायदा मात्र २०१८ सालापर्यंत पुस्तकांत तसाच राहिला.