कापड कोणाची साक्ष देतं?

वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवर, शेख फरीदबाबांच्या दर्ग्याभोवती गोल गोटे सापडतात. भूशास्त्र त्यांना झिओलाइट म्हणतं. आख्यायिकेत तो दोन फिरत्या व्यापाऱ्यांचा माल. त्यांनी बाबांची टर उडवली, तर त्यांच्या नारळांचे दगड झाले. गयावया केल्यावर बाबांनी वाळक्या पानांतून नवा माल करून दिला. जुन्या गॅझेटियरात ही गोष्ट जेमतेम चार ओळींत आहे. कोण काय ल्यालं होतं याबद्दल त्यात अवाक्षरही नाही, तरी व्यापाऱ्यांचा तोरा लख्ख दिसतो.

कथा-कादंबरीत वेशावरून माणसाचा स्वभाव आणि वर्ग कळतो, असं सर्रास शिकवलं जातं. हा पूर्वपक्ष अगदीच लेचापेचा नाही. पगडीच्या घाटावरून जात आणि नेसणीवरून घराणं ओळखण्याचा काळ आपल्याकडे होऊन गेला, आणि लेखकांनी त्याचा भरपूर उपयोग केला. पण ती ओळख पटायची, कारण तसंच नेसण्याची सक्ती होती. जिथे निवडच नाही, तिथे स्वभाव कुठून दिसणार?

हरिभाऊ आपट्यांची यमू घ्या. ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये नवरा वारल्यावर तिचं बळजबरीनं केशवपन होतं. त्या काळी अशा विधवेच्या नशिबी आलवण ठरलेलंच. तेच तांबडं वस्त्र हुशार यमूला आणि तेच एखाद्या कजाग विधवा सासूलाही. यमूचं मन आपल्याला कळतं ते तिच्या निवेदनातून. आलवणातून कळतात ते तिला नेसवणारे.

कोणी म्हणेल, स्वभावाचं सोडा, वर्ग तरी कळतो ना? डिसेंबर 1927मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी दलित स्त्रियांना सांगितलं, की जातीची खूण पटवणारी नेसण आणि दागिने टाका. पुष्कळजणींनी लगोलग लुगडं घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली. त्यांचा शेतातला रोज काही त्यामुळे वाढला नव्हता. संपली ती इतरांच्या मान्यतेची गरज. यावर कादंबरी लिहिणाऱ्यानं नेसणीचं नुसतं वर्णन करून थांबणं म्हणजे गोष्ट सुरू होण्याआधीच उठून जाणं.

आता याच वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे उद्धव शेळके. ‘धग’ (1960) हे शिंप्याच्या घरचं कथानक. पूर्वपक्ष खरा असता, तर कपड्यांच्या वर्णनाला याहून सुपीक रान नव्हतं. पण महादेवचा नाकर्तेपणा त्याच्या सदऱ्याला विचारावा लागत नाही. तो त्याच्या बायकोच्या, कौतिकच्या राबण्यातून आणि वऱ्हाडी बोलण्यातून उघडा पडतो. कापड त्या घरात पोटापाण्याचा धंदा आहे, आणि धंदा बसला की चूल विझते.

खादीचंही तेच. 1936पासून गांधीजी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहिले. त्या काळात जिल्ह्यात खादी म्हणजे त्याग. स्वातंत्र्यानंतर कथांमधून तोच पांढरा सदरा ढोंगी पुढाऱ्याची खूण झाला. सूत तेच, विणही तीच. म्हणून पात्राच्या अंगावर काय आहे हे लिहिण्याआधी लेखकानं विचारावं: ते कोणी घेतलं, कोणाच्या पैशानं, आणि अंगावरून उतरवायची मुभा कोणाला आहे?