परवलीच्या शब्दाकडून उपकरणाकडे

ओळख पटविण्याचे दोन मार्ग फार पूर्वीपासून रूढ आहेत. एक शब्दाचा, दुसरा वस्तूचा. पहारेकरी परवलीचा शब्द विचारतो. शकुंतलेपाशी अंगठी असावी लागते. संगणकाने प्रथम शब्दच पत्करला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६१ साली फर्नांडो कॉर्बातो ह्यांच्या सामाईक संगणकपद्धतीत सांकेतिक शब्द योजण्यात आले, आणि १९६२ मध्येच ॲलन शेर ह्या संशोधकाने सर्वांच्या शब्दांची यादी छापून घेतली!

चोरलेली अंगठी मालकाच्या बोटात उरत नाही. चोरलेला शब्द मात्र मालकापाशीही शाबूत राहतो; म्हणून ही चोरी उमगत नाही. त्यातच एकच शब्द अनेक ठिकाणी वापरण्याची लोकांची सवय. एका स्थळाहून फुटलेल्या नावाशब्दांच्या जोड्या यंत्राकरवी दुसऱ्या स्थळी लक्षावधींच्या संख्येने लावून पाहावयाच्या, ह्या प्रकारास २०११ च्या सुमारास सुमित अगरवाल ह्यांनी ‘क्रेडेन्शियल स्टफिंग’ हे नाव दिले.

इंटरनेट-दूरचित्रवाणीस ह्याची झळ विशेष लागली. डिस्ने प्लस ही सेवा १२ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झाली आणि काही दिवसांतच तिची खाती चोरबाजारात विक्रीस आली. आपली सुरक्षा भेदली गेल्याचा पुरावा नाही, असे कंपनीने सांगितले. हे खरे मानले तरी ग्राहकाच्या दृष्टीने त्यात समाधान कोणते? रोकू ह्या अमेरिकन कंपनीने मार्च २०२४ मध्ये १५,३६३ आणि एप्रिलमध्ये आणखी सुमारे ५,७६,००० खाती अशा रीतीने उघडली गेल्याचे जाहीर केले. चारशेहून कमी खात्यांतून परस्पर खरेदी झाली होती. त्यानंतर सर्व खात्यांना ई-मेलद्वारा दुसरी पडताळणी लागू झाली. तथापि ई-मेलचा शब्दही तोच असल्यास दोन्ही दारांना किल्ली एकच राहते.

दूरचित्रवाणीची अडचण निराळीही आहे. रिमोटने एकेक अक्षर टिपणे जिकिरीचे असल्याने लोक आखूड शब्द निवडतात. ऑगस्ट २०१९ च्या आर.एफ.सी. ८६२८ ह्या मानकाने पडद्यावर लहानसा संकेत दाखवून तो फोनवर मान्य करून घेण्याची रीत निश्चित केली. सांकेतिक शब्द संचावर टिपावाच लागत नाही. पुढची ओळख संचाला मिळालेल्या अधिकारचिन्हावर चालते. मात्र भामट्याने स्वतःच्या संचावरील संकेत पाठवून भोळ्या ग्राहकाकडून तो मान्य करविला, तर ग्राहक आपल्या हातानेच परक्या संचास अधिकार देतो. हा धोका त्या मानकातच नमूद आहे.

मार्च २०१९ मध्ये मान्य झालेल्या वेबऑथन मानकात गुप्त किल्ली ग्राहकाकडेच राहते व सेवेकडे केवळ तिची सार्वजनिक जोडी जाते. तेथे यादी फुटली तरी चोराच्या हाती उपयोगाचे काही लागत नाही. अंगठी हरवल्यास काय, हा शकुंतलेचा प्रश्न मात्र येथेही उद्भवतो, आणि अनेक सेवा त्यावर पुन्हा ई-मेलचाच आश्रय घेतात.